तीन तिघाडा म्हणा, पण तिघांची नावं तरी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका तिघांच्या इंडिपेंडंट रॉक बँडच्या पहिल्या फुल लेंथ अल्बमवर जे परीक्षण आलं ते वाचलं, आणि आधी बरंच वाटलं, कारण असल्या बँडला पेपरात पाव पान मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. पण जसजसा खाली वाचत गेलो तसतसं डोकं तापत गेलं. मथळा काय तर "तीन तिघाडा", फोटो फक्त गाणाऱ्याचा, आणि उरलेले दोघं "इतर साथीदार". अहो तीनच माणसं आहेत हो बँडमध्ये, त्यातले दोन "इतर" कसे काय झाले?

मी स्वतः आठेक वर्षं बेस (खालचे जाड स्वर देणारी गिटार) वाजवलाय, आमचाही तिघांचाच बँड होता, त्यामुळे "इतर साथीदार" हा शब्द मला जरा जास्तच लागला हे आधीच कबूल करतो.

परीक्षण लिहिणाऱ्यांचा मुख्य आक्षेप असा की गिटारचा सोलो सुरू झाला की मागे सगळं रिकामं पडतं, अजून एक गिटारवाला घ्यायला हवा होता. आता त्यांनी जे ऐकलं ते बरोबरच ऐकलंय. चार जणांच्या बँडमध्ये एकजण सोलो वाजवायला लागला की दुसरा गिटारवाला खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरून बसलेला असतो, म्हणजे घरात कुणीतरी आहे. तिघांच्यात तसं नसतं, गिटार वर निघून गेली की खाली फक्त बेस आणि ड्रम्स उरतात, आणि त्या मिनिटभरात बेसवाल्याने नुसता मूळ स्वर ठोकत बसायचं की थोडी चाल घ्यायची, ड्रमरने सिंबल (धातूची थाळी) उघडी सोडून जागा भरायची की उलट अजून आवरतं घ्यायचं, हे त्यांनी ठरवायचं असतं. त्यात सगळी मजा आहे. या अल्बममधल्या चौथ्या गाण्याचा सोलो परत एकदा हेडफोन लावून ऐका आणि गिटारकडे साफ दुर्लक्ष करा, बेसवाला तिथे वरच्या पट्टीत जाऊन दोन दोन स्वर एकदम वाजवतोय, आणि ड्रमरने हायहॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) सोडून फ्लोअर टॉम (जाड आवाजाचा मोठा ड्रम) धरलाय म्हणून तळ सुटत नाही. हे आपोआप होत नाही, असं जमायला महिनोन्महिने भांडावं लागतं.

आणि हे काही या पोरांनी काढलेलं खूळ नाही. १९६६ मध्ये क्रीम नावाचा बँड निघाला तो तिघांचाच, जिमी हेंड्रिक्स एक्सपिरियन्सचा पहिला अल्बम १९६७ चा, तोही तिघांचा, आणि त्यातला बेसवाला नोएल रेडिंग मुळात गिटारवाला होता, बँडमध्ये बेस हवा होता म्हणून बेस धरला. द पोलिसचा पहिला अल्बम १९७८ चा, त्यात स्टिंग बेस वाजवता वाजवता गातो, आणि त्यांचा गिटारवाला अँडी समर्स याने पुढे पुढे पसरट कॉर्ड आणि एको वापरून एका गिटारचं केवढं मोठं आकाश केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण मला सगळ्यात आवडतं ते मिनिटमेन या तिघांच्या अमेरिकन बँडचं उदाहरण. त्यांचा गिटारवाला डी. बून आपल्या गिटारचा आवाज मुद्दाम चिरका, पातळ ठेवायचा, सगळी जाड बाजू बेस आणि ड्रम्सला मोकळी सोडायची म्हणून. गिटारवाल्याने स्वतःहून जागा सोडली असं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही. (माझ्या गिटारवाल्या मित्राने हे वाचलं तर वाचू दे.)

बाय द वे याच मिनिटमेनचा पहिला फुल लेंथ अल्बम १९८१ चा, १८ गाणी आणि एकूण वेळ साधारण १५ मिनिटं! म्हणजे फुल लेंथ म्हणजे नक्की किती यावर वाद घालायचा तर भरपूर घालता येईल. आपल्याकडे परीक्षणात लिहिलंय की "३८ मिनिटांचा अल्बम हल्ली कोण ऐकतो". आता ही चाळीस मिनिटांच्या आसपासची लांबी आली कुठून, तर १९४८ साली कोलंबियाने लाँग प्लेइंग रेकॉर्ड आणली, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला साधारण २२ मिनिटं मावायची. त्याच्या आधी ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या, एका बाजूला तीन-चार मिनिटं, आणि अशा चार-सहा तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायचे, तो शब्द मग तसाच चिकटला. नंतर सीडीवर ७४ मिनिटं मावायला लागली तेव्हा बऱ्याच बँडनी ती जागा भरायची म्हणून भरली आणि अल्बम उगाच लांबले, त्यापेक्षा या पोरांनी ३८ मिनिटांत आटोपलं हे मला तरी शहाणपणाचं वाटतं.

तसंच ते "शेवटची दोन गाणी संथ, अल्बम शेवटी ढेपाळतो" हे वाक्य. या बँडने व्हायनल काढलंय असं तुमच्याच परीक्षणात लिहिलंय ना, मग ऐका. रेकॉर्डचा वेग ठरलेला असतो, पण सुई जसजशी आत जाते तसतसा घेर लहान होत जातो, म्हणजे एका फेऱ्यात खाचेची लांबी कमी, तेवढाच आवाज कमी जागेत कोंबायचा. त्यामुळे आतल्या बाजूला सिंबलसारखे बारीक, तीव्र आवाज फाटायला लागतात, म्हणून आरडाओरड्याची गाणी बाहेरच्या कडेला आणि शांत गाणी आत अशी मांडणी लोक पहिल्यापासून करत आलेत. पाचवं गाणंही संथ आहे बघा, ती पहिल्या बाजूची आतली कड. आता स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्याला हे कळायचं कारण नाही, मान्य, पण परीक्षण करायचं तर रेकॉर्ड एकदा उलटून बघायला हरकत नव्हती.

आणि "दहापैकी चार गाणी आधीच येऊन गेलेली, मग नवीन काय" हा प्रश्न वाचून तर मी हसलोच. अहो हौस म्हणून करतात का ते? स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम मोजला जातो, आणि २०२४ पासून तिथे नियम आहे की आधीच्या बारा महिन्यांत एखाद्या गाण्याला निदान १००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याचे पैसेच धरले जात नाहीत. आता विचार करा, नवीन बँड, पहिला अल्बम, दहा गाणी एकदम सोडली तर लोक पहिलं ऐकतात, दुसरं ऐकतात, आठव्यापर्यंत किती जण पोचतात? वर स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांकडे रिलीजच्या आधी गाणं पाठवायचं तर एका रिलीजमागे एकच गाणं पाठवता येतं. म्हणून मग एक एक सिंगल सोडत जायचं, प्रत्येकाला दीड-दोन महिने श्वास घेऊ द्यायचा, आणि शेवटी अल्बममध्ये तीच गाणी त्याच आयएसआरसी कोडवर (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) टाकायची म्हणजे आधीचे आकडे सोबत येतात. या सगळ्याला मागे लेबल असेल तर एक माणूस पगारावर असतो. इथे ते काम बहुतेक ड्रमर करतोय, कारण बँडमध्ये एक्सेल शीट उघडणारा ड्रमरच असतो हा माझा अनुभव आहे, उलट लोकांना वाटतं ड्रमर म्हणजे अवली.

इंडिपेंडंट म्हणजे काय हेही परीक्षणात "अजून कुठल्या कंपनीने घेतलं नाही" असं दयेच्या सुरात आलंय. रश या कॅनडाच्या तिघांच्या बँडने १९७४ मध्ये पहिला अल्बम स्वतःचं मून रेकॉर्ड्स नावाचं लेबल काढूनच आणला होता, आणि रेकॉर्डिंग रात्री उशिरा करायचे कारण तेव्हा स्टुडिओचा रेट कमी. मग क्लीव्हलंडच्या डब्ल्यूएमएमएस रेडिओवर डॉना हॅल्परने त्यातलं एक लांबलचक गाणं लावलं, फोन वाजायला लागले, आणि मर्क्युरीसारखी मोठी कंपनी नंतर आली. निर्वाणाचा पहिला अल्बम १९८९ चा, स्टुडिओचं बिल झालं ६०६ डॉलर १७ सेंट, तेही ज्याने भरलं त्याचं नाव आणि फोटो कव्हरवर गिटारवाला म्हणून आहे, प्रत्यक्षात त्याने त्या अल्बमवर एक स्वरही वाजवलेला नाही! म्हणजे बघा, न वाजवणाऱ्याचं नाव छापलं जातं आणि तुमच्या पुरवणीत वाजवणाऱ्यांची गाळली जातात.

आता आमचं सांगतो. आमचीही नऊ गाणी तयार होती, स्टुडिओत गेलो, पहिले दोन दिवस ड्रम्समध्येच गेले. एक विचित्र त्रास होता, मी खालचा ए स्वर वाजवला की समोर स्नेअर ड्रम आपोआप खरखरायचा, कुणी हात लावलेला नसताना. त्याच्या खालच्या बाजूला तारा ताणलेल्या असतात ना, त्या बेसच्या हवेने थरथरतात. इंजिनियर म्हणाला बेस वेगळ्या खोलीत घ्या, घेतला, खरखर गेली, पण त्याबरोबर आम्ही एकमेकांकडे बघून जे वाजवायचो तेही गेलं, मी काचेपलीकडे आणि ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे ताल धरायची टिकटिक. टेक एकदम स्वच्छ, आणि एकदम मेलेले. मग ते मेलेपण झाकायला गिटारवाल्याने ओव्हरडब (झालेल्या रेकॉर्डिंगवर नवे थर चढवणं) सुरू केले, एका गाण्यात सहा सहा गिटार, त्यावर कीबोर्ड, त्यावर कोरस. मी विरोध केला, पण तिघांत मतदान झालं की कायम दोन विरुद्ध एक होतं आणि तो एक घरी जाऊन फुगून बसतो, तिथे बरोबरी होतच नाही. पुढे एका गिगला तीच गाणी तिघांनी वाजवली तर समोर उभे असलेले म्हणायला लागले की रेकॉर्डिंगसारखं वाटत नाही. मग लॅपटॉपवरून बॅकिंग ट्रॅक लावायला लागलो, एकदा गाण्याच्या मधेच लॅपटॉप अडकला, ट्रॅक थांबला, आणि आम्ही तिघं स्टेजवर एकमेकांकडे बघत उभे, कारण त्या ट्रॅकशिवाय ते गाणं पुढे कसं न्यायचं हे आम्ही विसरूनच गेलो होतो. आमचंच गाणं. दोन महिन्यांनी ड्रमर गेला, नऊ गाणी कुठल्याशा हार्ड डिस्कवर आहेत अजून.

म्हणून या अल्बममध्ये ती रिकामी जागा ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की यांनी तो मोह टाळलाय. दहाच्या दहा गाण्यांत मला एकही अशी जागा सापडली नाही जिथे चौथा माणूस लपवलाय. सातव्या गाण्याच्या आधी ड्रमर काड्या वाजवून चार आकडे मोजतो ते त्यांनी कापलेलं नाही, आणि तिसऱ्या आकड्यावर कुणीतरी हलकंच हसतं. सगळंच चांगलंय असं म्हणत नाही मी, दुसऱ्या गाण्याचे शब्द भरताड आहेत, नववं गाणं दोन मिनिटं आधी संपायला हवं होतं, आणि गाणाऱ्याचा आवाज मिक्समध्ये जरा जास्तच पुढे बसवलाय, याबद्दल तुम्ही झोडलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्यांच्यात जे मुळात आहे तेच उणं म्हणून मोजलं हे काही पटलं नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी कोपऱ्यात चार ओळींची दुरुस्ती छापा, तिघांची नावं, कोण काय वाजवतं ते, आणि जमलं तर रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणाऱ्याचंही, ही सगळी कव्हरच्या मागच्या बाजूला दिलेली आहेत. फोटो पण तिघांचा आहे तिथे, त्यात ड्रमर पाठमोरा आहे, पण आहे.

आपला,
एक जुना बेसवाला

ता. क. : सहाव्या गाण्यात सुरुवातीला जी "तांत्रिक कचकच" ऐकू येते असं परीक्षणात म्हटलंय ती किक ड्रमच्या पेडलची स्प्रिंग आहे. तेलाचा एक थेंब घातला की जाते. नीट ऐकलंत तर ती कचकच बरोबर तालात आहे.