डाव्या पायाच्या अंगठ्यापासून

प्रिय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही डी.एम. न्यूरॉलॉजी, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांची पदवी, पास झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत घरी फोन लावून आण्णांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्र लिही. नीट बसून लिही. नुसतं अभिनंदन म्हणून भागायचं नाही." म्हणून हे पत्र. तुमचं नाव यात घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे. पण पत्र उघड लिहितेय. निवासी डॉक्टर म्हटलं की लोकांना एक तर संप आठवतो, नाही तर मारहाणीची बातमी. मला तुम्ही आठवता, आणि ते चारचौघांत सांगावंसं वाटतं.

माझे वडील मिरजेत तंतुवाद्यांच्या कारखान्यात ४१ वर्षं काम करत आले. तानपुऱ्याची जवारी लावणं हे त्यांचं काम. तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्यावर कानस फिरवत तिचा उतार असा साधायचा की तार छेडल्यावर सूर नुसता वाजून थांबू नये, गुंजत राहावा. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत नेमकी जागा शोधायची. ती जागा कानाला कळते तशी बोटांनाही कळावी लागते. २०२३ च्या दिवाळीनंतर आण्णांच्या बोटांना धागा कळेनासा झाला. बोटात धरलाय की खाली पडलाय, हे बघितल्याशिवाय सांगता येईना.

पाय तर त्याआधीपासून बिघडले होते. गादीवर चालल्यासारखं वाटतं म्हणायचे. चप्पल वाटेत कुठे निसटली ते पत्ता नाही. एकदा सकाळी मोरीत तोंडाला साबण लावून उभे होते आणि सरळ खाली कोसळले. आईला वाटलं चक्कर आली. आमच्या भागातल्या दोन-तीन ठिकाणी दाखवलं. वय झालं, मणक्याची झीज आहे, असं सांगितलं. कमरेचा एमआरआय झाला, त्यात चकती सरकलेली दिसली आणि ऑपरेशनची तारीखही ठरली. त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. सहासष्ट वर्षांच्या माणसाच्या कमरेत चकती सरकलेली दिसणं किती सर्रास असतं, ते मला तुमच्याकडूनच पुढे कळलं. पण त्या सगळ्या ठिकाणी मिळून आण्णांच्या पायाला कुणाचा हात लागला नव्हता, एवढं मात्र खरं.

ऑपरेशनच्या आधी एकदा मुंबईत दाखवा म्हणून मावसभावाने आग्रह धरला. २०२४ च्या जूनमध्ये रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरजेतून निघालो आणि सकाळी मुंबईला उतरून थेट रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिलो. नंबर आला तेव्हा दीड वाजून गेला होता. टेबलावर तुमचा स्टीलचा डबा होता, न उघडलेला. मला वाटलं, आता पाच मिनिटांत वाटेला लावतील.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "बाबा, काम काय करता?"

जवारी म्हणजे काय ते आण्णांनी सांगितलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत. मग त्यांना पलंगावर झोपवून सुरुवात केलीत. कापूस, टाचणी, हातोडी. गुडघ्यावर हातोडी पडली तशी तंगडी जोरात उडाली, घोट्याला मात्र काहीच हललं नाही. तळपायावर किल्लीसारखं काही ओढलंत तर अंगठा वर गेला. तिथे तुम्ही जरा थांबलात, पुन्हा करून पाहिलंत. मग डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा हळूच वर किंवा खाली न्यायचा आणि कुठे गेला ते विचारायचं, असं चाललं होतं. उजवा झाला. डावा धरला, आणि तुमचा फोन वाजला.

कुणाला तरी अर्धांगाचा झटका आला होता. तुम्ही "येते" एवढंच म्हणून पळालात. मी पाणी आणायला बाहेर आले तर तुम्ही जिन्याजवळ एका बाईला विचारत होतात, "शेवटचं नीट कधी बोलले ते? झोपेतून उठले तेव्हा की त्याच्या आधी? नक्की आठवा." त्या प्रश्नाचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून मोजतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते, हे सगळं मला वॉर्डात राहिल्यावर समजलं. त्या बाईचं उत्तर चुकलं असतं तर सगळंच चुकलं असतं.

दीड तासाने तुम्ही परत आलात. आम्ही धरून चाललो होतो की दुसरं कुणी तरी येऊन पुन्हा पहिल्यापासून विचारेल, नाही तर उद्या या म्हणतील. तुम्ही हात धुतलेत, आण्णांच्या पायाशी बसलात आणि म्हणालात, "आपण डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत आलो होतो ना? मिटा डोळे."

मॅडम, मी वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लक्ष देणं म्हणजे काय हे मी मुलांना रोज सांगते. ते असं असतं, हे मी त्या दुपारी पाहिलं.

आण्णांना डाव्या अंगठ्याचं काही सांगता आलं नाही. मग तुम्ही खिशातून कंपन तपासायचा लोखंडी चिमटा काढलात, तळहातावर आपटलात आणि घोट्याच्या हाडावर टेकवलात. आण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "सूर ऐकू येतोय. पांढरी एकच्या जरा खाली आहे. पण पायात काही नाही." तुम्ही चिमट्याकडे पाहिलंत. त्यावर १२८ कोरलेलं होतं, सेकंदाला १२८ कंपनं. पांढरी एक म्हणजे काय ते तुम्ही आण्णांना विचारलंत, आणि एवढ्या गर्दीत आण्णांनी तुम्हाला पेटीच्या पट्ट्या समजावून सांगितल्या. शेवटी पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला सांगितलंत, दोन्ही बाजूंनी हात धरायला तयार ठेवून. ते झाडासारखे कलंडले. तेव्हा मला मोरीतली गोष्ट आठवली आणि मी ती सांगितली. तुम्ही विचारलंत, "हे आधी कुणाला सांगितलं होतं?" कुणी विचारलंच नव्हतं.

तुम्ही कागदावर मज्जारज्जूचा आडवा छेद काढून दाखवलात, तो कागद आमच्याकडे अजून आहे. पाय कुठे आहे आणि कंपन लागतंय का, ही खबर रज्जूच्या मागच्या भागातून वर जाते. तो भाग खराब झाला की माणूस पायांचं काम डोळ्यांकडून करून घेतो. म्हणून डोळ्यांत साबण गेला की आण्णा पडत होते. आण्णा माळकरी, मांसमच्छी-अंडं काही नाही. दूध पचत नाही म्हणून चहासुद्धा कोरा. वर बारा वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू, आणि तिच्या जोडीला पित्ताची गोळी. दोन्हींनी बी-१२ अंगी लागायचं कमी होतं. रक्तात ते शंभरच्याही आत निघालं. मानेच्या एमआरआयमध्ये रज्जूच्या मागे उलट्या व्हीसारखी पांढरी खूण होती. तुम्ही ती बघायला मलाही बोलावलंत. कमरेचं ऑपरेशन रद्द झालं. उपाय काय, तर बी-१२ची इंजेक्शनं, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. मधुमेहाची गोळी मनाने बंद करायची नाही, बी-१२ मात्र तपासत राहायचं. जितकं उशिरा कळतं तितकं कमी भरून येतं, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

वॉर्डात आम्ही सहा दिवस होतो. तुमचं आयुष्य मी तेव्हा जवळून पाहिलं, त्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एम.डी., मग ती देशभराची प्रवेश परीक्षा आणि आणखी तीन वर्षं डी.एम. तुमच्या वयाच्या माझ्या आतेबहिणीची मुलगी चौथीत आहे. सकाळी राउंड, मग ओपीडी, दुपारी ईईजीचे, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखाचे, कागद वाचायचे, संध्याकाळी प्रबंधाची माहिती भरायची, आणि कॉल असेल तर रात्रभर तो फोन. निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम नसावं, असं केंद्राने १९९२ सालीच लिहून ठेवलंय. तुम्ही मंगळवारी सकाळी ज्या ओढणीत दिसलात, त्याच ओढणीत बुधवारी रात्री होतात. याचा मला राग येतो. कौतुक करून हा राग मिटवायचा नाही, असं मी ठरवलंय.

शेजारच्या पलंगावर सतरा वर्षांचा मुलगा होता, जीबीएसचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते त्या आजाराचा. पायांतली ताकद गेलेली आणि ती वर वर चढत चाललेली. तुम्ही दर काही तासांनी येऊन त्याला एका श्वासात आकडे मोजायला लावायचात. रात्री अडीच वाजता तुमचा हळू आवाज यायचा, "घे श्वास. एक, दोन..." तो संध्याकाळी अठ्ठावीसपर्यंत गेला होता, रात्री एकोणीसवर थांबला. तुम्ही लगेच आयसीयूला फोन लावलात. धाप लागायच्या आधी तुम्हाला आकड्यातून कळलं. पुढे तो बरा होऊन चालत घरी गेला, हे तुम्ही न विसरता आम्हाला कळवलंत. पुढच्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा आमच्या शाळेतले पालक घाबरले होते. पाणी उकळून प्या, आणि जुलाबानंतर पायांत अचानक अशक्तपणा आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हे मी ठामपणे सांगू शकले ते त्या रात्रीमुळे.

मोठ्या सरांच्या राउंडला तुम्ही आण्णांची माहिती सांगितलीत. सुरुवात वयापासून नाही केलीत. "हे तानपुऱ्याची जवारी लावतात, आणि त्यांना बोटात धागा कळत नाही," असं म्हणालात. सरांनी मान हलवली. आण्णांची परवानगी घेऊन तुमच्या ज्युनियर मुलांनी एकेक करून तो चिमटा लावून पाहिला. आण्णा प्रत्येकाला सूर सांगत होते. आजारी पडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना ताठ बसलेलं पाहिलं.

एका रात्री त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, पूर्वी याला काय करायचे? तुम्ही उभ्याउभ्या सांगितलंत की याच बी-१२च्या अभावाने होणारा एक पांडुरोग १९२६ पर्यंत माणसं नेत असे. मग मायनॉट आणि मर्फी या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी रोग्यांना रोज भरपूर कलेजी खायला घातली आणि ती जगली, त्याबद्दल १९३४ चं नोबेल मिळालं. बी-१२ हाती लागलं ते १९४८ मध्ये. आण्णांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि म्हणाले, "पांडुरंगाने मला उशिरा जन्माला घातलं ते बरं केलं." त्या सहा दिवसांत तुम्ही मोकळेपणाने हसलात ते तेवढंच.

आता हालहवाल. इंजेक्शनं एकही चुकलेली नाहीत. आण्णा मोरीत डोळे मिटून तोंड धुतात, आई मात्र अजून दारात उभी राहते. बोटांत धागा कळतो, पूर्वीइतका बारीक नाही. कारखान्यात अर्धा दिवस जातात आणि जवारीचा शेवटचा हात शिकाऊ मुलाकडून करून घेतात, कान स्वतःचा ठेवून. यंदा आषाढीला मिरजेहून गाडीने पंढरपूरला गेले, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात माझा हात न धरता चालले.

तुम्ही आता बंधपत्राच्या वर्षाला, शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेला, कुठे जाल ते माहीत नाही. सुट्टी मिळाली तर मिरजेला या. सकाळी उतरा, आंघोळ करा, गरम भाकरी खा, दिवसभर झोपा. तुम्हाला कुणी उठवणार नाही, हा माझा शब्द.

एक निरोप आण्णांचा, जसा सांगितला तसा लिहिते. रोज संध्याकाळी ते तानपुऱ्याचा भोपळा पायावर टेकवतात, डोळे मिटतात आणि खर्जाची तार छेडतात. म्हणाले, "डॉक्टरांना सांग, घोट्यात दोन्हीकडे येतंय. उजव्या अंगठ्यात गेल्या महिन्यापासून येतंय. डाव्या अंगठ्यात अजून नाही. तेवढं त्यांच्या कागदावर लिहून घ्यायला सांग."

तुमची,
आण्णांची मुलगी
मिरज, जि. सांगली