आधी कर्मचाऱ्यांची देणी, मग अधिकाऱ्यांचे बक्षीस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कंपनीची कामगिरी सुधारली म्हणून वरिष्ठ अधिकाऱ्यांना भरघोस मोबदला मिळतो, तेव्हा त्या कामगिरीच्या हिशेबात कर्मचाऱ्यांची बुडालेली निवृत्तिवेतने धरली जात नाहीत, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सने मे २००५ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने आपल्या चार निवृत्तिवेतन योजना, बुडणाऱ्या निवृत्तिवेतनांना विमा संरक्षण देणाऱ्या सरकारी महामंडळाच्या गळ्यात घातल्या. या योजनांत ९.८ अब्ज डॉलरची तूट होती. महामंडळाने त्यातील सुमारे ६.६ अब्जांची हमी घेतली आणि उरलेल्या रकमेवर कर्मचाऱ्यांना पाणी सोडावे लागले. सर्वाधिक झळ वैमानिकांना बसली. त्या वर्षी ६५व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास महामंडळाची कमाल हमी वर्षाला सुमारे ४५,६०० डॉलर होती आणि त्याआधी निवृत्त होणाऱ्यासाठी ती घटत जाई. वैमानिकांना तर तेव्हा कायद्यानेच साठाव्या वर्षी प्रवासी विमान चालवणे थांबवावे लागे, त्यामुळे त्या वयाची हमी ३० हजार डॉलरच्याही खाली येई. कायद्यानेच लवकर घरी बसवायचे आणि लवकर घरी बसला म्हणून निवृत्तिवेतनही कापायचे, हा प्रकार मला सर्वांत अन्यायकारक वाटतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडली, तेव्हा सुमारे ४०० व्यवस्थापकांसाठी ८ टक्के समभाग राखून ठेवण्यात आले. मुख्य कार्यकारी अधिकारी ग्लेन टिल्टन यांचा त्या वर्षीचा मोबदला जवळपास ४ कोटी डॉलरवर गेला, त्यात मोठा वाटा समभागांचा होता. आधीची नोकरी सोडताना गमावलेल्या लाभांपोटी त्यांना मिळालेले ४५ लाख डॉलर मात्र वेगळ्या न्यासात, दिवाळखोरीची झळ लागणार नाही अशा रीतीने सुरक्षित होते. ११ सप्टेंबरचा हल्ला आणि महागलेले इंधन ही संकटे खरीच होती, पण त्यांचा भार सर्वांनी सारखा उचलला, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आपल्याकडेही जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) पूर्ण द्यावे, हा कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये कायम केला. म्हणजे हक्काच्या पैशांवर शिक्कामोर्तब व्हायलाच जवळपास चार वर्षे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून ती बंद करण्याचा आदेश झाला. मिहानमधील विमान दुरुस्ती केंद्रामुळे नागपूरची कितीतरी मुले आज या क्षेत्राकडे वळत आहेत, त्यांच्या आईवडिलांनी हा इतिहास माहीत करून घ्यायला हवा.

कंपनी कायद्याच्या कलम १९७ नुसार शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीला संचालकांचा मोबदला आणि कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन (निम्म्यांना ज्याहून कमी व निम्म्यांना ज्याहून जास्त मिळते ते) यांचे गुणोत्तर संचालक मंडळाच्या अहवालात जाहीर करावे लागते. त्याच अहवालात भविष्य निर्वाह निधी कोणत्या तारखेपर्यंत भरला आणि उपदानासाठी किती रक्कम प्रत्यक्ष बाजूला ठेवली, हेही छापणे सक्तीचे करावे, आणि त्यात थकबाकी असेल त्या वर्षी वरिष्ठांचा कामगिरी भत्ता व समभाग रोखून धरावेत. विदर्भातील खासदारांनी येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती मांडावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर