बॅन्ड सोडणं म्हणजे फोडणं नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बॅन्ड सोडून एकट्याने करिअर केलेल्या रॉक गायकांवर मोठा लेख आला होता. मी तो दोनदा वाचला कारण त्यात पीटर गॅब्रिएलचं नाव दिसलं, आणि या माणसाची गाणी मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. पण त्याच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आणि त्यात काय, तर म्हणे जेनेसिस बॅन्ड ऐन भरात असताना याच्या डोक्यात हवा गेली आणि याने बॅन्ड फोडला. बाकीच्या गायकांबद्दल मला काही म्हणायचं नाही, काहींच्या बाबतीत तसं झालंही असेल. गॅब्रिएलच्या बाबतीत मात्र हे साफ चुकीचं आहे आणि वाचून खरंच वाईट वाटलं. पत्र जरा लांबेल, पण शक्यतो न कापता छापा ही विनंती.

जेनेसिस सुरू झाला १९६७ मध्ये, इंग्लंडमधल्या चार्टरहाउस या शाळेतल्या पोरांनी मिळून. गॅब्रिएल तेव्हा सतरा वर्षांचा. फिल कॉलिन्स ड्रम वाजवायला नंतर आला, १९७० मध्ये. सुरुवातीला यांच्या कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधे बाकीचे आपापली बारा तारांची गिटार सुरात लावत बसायचे, लोक कंटाळायचे, म्हणून हा माइकपुढे उभा राहून काहीतरी विचित्र गोष्टी सांगत वेळ मारून न्यायचा. त्यातूनच पुढे ते वेष आणि मुखवटे आले. १९७२ मध्ये डब्लिनला तो बायकोचा लाल ड्रेस घालून आणि डोक्यावर कोल्ह्याचं मुंडकं चढवून स्टेजवर आला, बॅन्डमधल्या कुणाला आधी सांगितलंही नव्हतं. तिथून पेपरवाले फक्त त्याचेच फोटो छापायला लागले. म्हणजे बाकी चौघांना वाईट वाटलं असणार हे मलाही मान्य आहे, कारण गाणी सगळे मिळून रचायचे आणि नाव एकाचं व्हायचं. त्यात १९७४ च्या डबल अल्बमला शब्द मीच लिहिणार असा हट्ट त्याने धरला. तो हट्ट चुकीचा होता असंच माझं मत आहे.

पण त्याच उन्हाळ्यात काय झालं ते लेखात कुठेच नाही. जुलै १९७४ मध्ये त्याची पहिली मुलगी जन्मली ती अत्यवस्थच, जगेल की नाही याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती, बाळ काचेच्या पेटीत. आणि बॅन्ड तिकडे वेल्समध्ये अल्बमच्या कामाला बसलेला. हा लंडनचं हॉस्पिटल आणि वेल्स अशा चकरा मारतोय आणि बाकीच्यांची चिडचिड चालली होती की शब्द अजून का आले नाहीत. पुढे त्यांच्यातल्या काहींनी स्वतःच कबूल केलंय की तेव्हा आम्ही लहान होतो, आम्हाला ते कळलंच नाही.

मला हे एवढं लागतं याला कारण आहे. माझी धाकटी मुलगी सातव्या महिन्यात झाली, एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. त्या एकोणीस दिवसांत मला ऑफिसातून रोज फोन यायचा, अमुक फाईल कुठे आहे, तमुक रिपोर्ट कधी देताय. माणसं वाईट नव्हती. त्यांना त्या पेटीच्या बाहेर उभं राहणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं एवढंच. काचेला हात लावून उभं असताना माणसाच्या डोक्यात जे बदलतं ते परत पहिल्यासारखं होत नाही, त्यामुळे गॅब्रिएलने त्यानंतर बॅन्ड सोडायचं ठरवलं यात मला हवा बिवा काही दिसत नाही, मला बाप दिसतो.

आणि सोडलं कसं तेही बघा. त्याने नोव्हेंबरमध्ये टूरच्या सुरुवातीलाच, अमेरिकेत क्लीव्हलंडला, बॅन्डला सांगून टाकलं की मी जाणार. लगेच गेला का? नाही. बॅन्डच्या डोक्यावर कर्ज होतं, तारखा ठरलेल्या होत्या, म्हणून पुढचे सहा महिने, शंभरच्या आसपास कार्यक्रम, तो रोज तेच वेष घालून गात राहिला आणि बाहेर कुणाला कळू दिलं नाही. मे १९७५ मध्ये टूर संपली तेव्हा थांबला. ऑगस्टमध्ये त्याने इंग्लंडच्या पेपरांना एक पत्र पाठवलं, मी आज लिहितोय तसंच, अफवा पसरायला लागल्या होत्या म्हणून. त्यात त्याने सरळ लिहिलं की गाणी करायला म्हणून जी गाडी आम्ही मिळून बांधली तीच आता आमची मालक झालीय आणि हवं होतं त्या यशातच आम्ही कोंडले गेलोय. भाजीपाला पिकवण्यातल्या आनंदाचाही उल्लेख आहे त्यात. एकाही साथीदाराबद्दल वाईट शब्द नाही.

बरं, बॅन्ड फुटला म्हणता तर फुटला कुठे? कॉलिन्स गायला लागला आणि जेनेसिस आधीपेक्षा कितीतरी मोठा झाला.

गॅब्रिएल दीड-दोन वर्षं घरी होता. १९७७ मध्ये पहिला एकट्याचा अल्बम आला, त्यातलं सॉल्सबरी हिल हे गाणं बॅन्ड सोडण्याबद्दलच आहे. बाथ शहराजवळ त्या नावाची खरी टेकडी आहे. ते गाणं सात मात्रांचं आहे हे मला पहिली काही वर्षं कळलंच नव्हतं, एकदा सहज बोटावर मोजायला गेलो तर आपल्या रूपकाएवढ्याच सात भरल्या, आणि तरी कुठे अडखळल्यासारखं वाटत नाही, चालताना एक पाऊल जरा पुढे पडावं तसं वाटतं. पहिले चारही अल्बम त्याने फक्त स्वतःच्या नावाने काढले, वेगळं शीर्षकच नाही. मासिकाचं नाव तेच राहतं आणि अंक बदलतो तसं, असं त्याचं म्हणणं. दुकानदारांची काय पंचाईत झाली असेल.

यातला तिसरा, १९८० चा, माझ्या मते सगळ्यात भारी. त्यात त्याने ड्रम वाजवणाऱ्यांना सांगितलं की झांजा अजिबात वाजवायच्या नाहीत. मग उरतो तो नुसता ड्रमचा ठोका. स्टुडिओत वादकाचं बोलणं बाहेर ऐकू यावं म्हणून जो साधा माइक लावलेला असतो त्यातून एकदा ड्रमचा आवाज आला, प्रचंड मोठा आणि मग कात्रीने कापल्यासारखा एकदम बंद, आणि गॅब्रिएलने तोच आवाज पकडून त्यावर गाणं उभं केलं. पुढची दहा वर्षं जगभरच्या गाण्यांत तुम्ही तो ड्रम ऐकलाय, नाव माहीत नसलं तरी. आणि तिथे ड्रमवर बसलेला माणूस कोण? फिल कॉलिन्स. ज्याचा बॅन्ड याने फोडला म्हणता तोच.

याच अल्बमच्या शेवटी स्टीव्ह बिकोवरचं गाणं आहे. बिको हा दक्षिण आफ्रिकेतला काळ्यांचा तरुण नेता, ऑगस्ट १९७७ मध्ये पोलिसांनी धरला, कोठडीत डोक्याला जबर मार बसला, आणि त्या अवस्थेत त्याला गाडीत टाकून हजार किलोमीटरवर प्रिटोरियाला नेलं. १२ सप्टेंबरला तो गेला, वय तीस. सरकारने आधी तर उपोषणाने मेला असंच भासवलं. गॅब्रिएलचं गाणं सुरू होतं आणि संपतं ते बिकोच्या अंत्ययात्रेत लोकांनी गायलेल्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगने, म्हणजे हा स्वतः गाऊन झाल्यावर बाजूला होतो आणि शेवटचा शब्द त्या लोकांचा राहतो. अमेरिकेतल्या त्याच्या रेकॉर्ड कंपनीने हा अल्बम चालणार नाही म्हणून नाकारला होता, शेवटी दुसऱ्या कंपनीने काढला. डोक्यात हवा गेलेला माणूस असे अल्बम करतो का?

आता मुख्य मुद्दा. १९८२ मध्ये गॅब्रिएल आणि त्याच्या मित्रांनी वोमॅड नावाचा महोत्सव भरवला, शेप्टन मॅलेट या गावाजवळ. बुरुंडीचे ढोलवाले आणि इंग्लंडमधले रॉक बॅन्ड एकाच स्टेजवर. कल्पना सुंदर, पण लोक आले नाहीत, त्यात रेल्वेचा संप, आणि पार दिवाळं निघालं. घेणेकऱ्यांच्या धमक्या यायला लागल्या, अगदी जिवे मारण्याच्या. तेव्हा मदतीला कोण आलं? जेनेसिस. २ ऑक्टोबर १९८२ ला मिल्टन कीन्सला हे जुने साथीदार त्याच्यासाठी एक दिवस एकत्र आले, धो धो पावसात, गॅब्रिएलला स्टेजवर शवपेटीतून आणलं, गिटारवाला स्टीव्ह हॅकेट शेवटच्या गाण्यांना येऊन मिळाला, आणि त्या पैशातून वोमॅड वाचला. आजही तो भरतो. ज्याने घर फोडलं त्याचं कर्ज फेडायला घरातली माणसं अशी धावत येतात का, हे लेखकाने स्वतःला विचारून बघावं.

१९८६ च्या अल्बमचं यश सगळ्यांना माहीत आहे त्यामुळे थोडक्यात. त्यातलं स्लेजहॅमर हे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं ते जेनेसिसच्याच गाण्याला खाली सारून, योगायोग बघा. त्याच्या व्हिडिओसाठी गॅब्रिएल सोळा तास काचेखाली पडून राहिला, एकेक फ्रेम शूट करत, आणि पुढच्या वर्षी एमटीव्हीची नऊ बक्षिसं मिळाली. पण मला त्या अल्बममधलं गायिका केट बुशबरोबरचं गाणं जवळचं, बेकार झालेल्या माणसाचं. धीर देण्याच्या ओळी त्याने स्वतःकडे ठेवल्याच नाहीत, त्या तिला दिल्या.

दुसऱ्याला जागा करून द्यायची ही सवय पुढे वाढतच गेली. आलेल्या पैशातून त्याने बॉक्स नावाच्या खेड्यात जुन्या पाणचक्कीच्या जागी रिअल वर्ल्ड स्टुडिओ बांधला आणि १९८९ मध्ये त्याच नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. नुसरत फतेह अली खान पाश्चात्य श्रोत्यांपर्यंत पोचले त्यात या कंपनीचा आणि वोमॅडचा फार मोठा वाटा आहे. गॅब्रिएलच्या स्वतःच्या पॅशन या अल्बममध्ये नुसरतजींचा आवाज आहे आणि आपल्या एल. शंकर यांचं व्हायोलिनही आहे, त्याला ग्रॅमी मिळालं.

आणि तो भारतात गाऊनही गेलाय, हे आपल्या पेपरातल्या लेखात नसावं याचं आश्चर्य वाटतं. अॅम्नेस्टी या संस्थेची मानवी हक्कांसाठीची टूर होती, ३० सप्टेंबर १९८८, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, सोबत ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन, यूसू न्दूर. मी तेव्हा कॉलेजात, दिल्लीला जाण्याएवढे पैसे कुठले, ती हळहळ अजून आहे. या टूरमध्ये त्याला छळ सोसलेली माणसं देशोदेशी भेटली, आणि ज्यांच्या छळाचं चित्रीकरण नाही त्यांचं म्हणणं सहज दाबलं जातं हे त्याच्या मनात बसलं. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसला रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी मारहाण केली ती कुणीतरी घराच्या बाल्कनीतून टिपली तेव्हा सगळ्या जगालाच ते दिसलं. १९९२ मध्ये त्याने विटनेस ही संस्था सुरू केली, लोकांच्या हातात व्हिडिओ कॅमेरे द्यायचे म्हणून. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा नव्हता.

मार्च २०२२ मध्ये लंडनला जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम झाला. कॉलिन्सला तब्येतीमुळे उभं राहता येत नव्हतं, तो खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा होता. गॅब्रिएल तिथे आला होता. स्टेजवर नाही गेला, प्रेक्षकांत बसला. पुढच्या वर्षी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने एकेका पौर्णिमेला एकेक नवं गाणं आणत अख्खा अल्बम पूर्ण केला, आधीच्या नव्या गाण्यांच्या अल्बमनंतर एकवीस वर्षांनी. आमच्या घरी त्या वर्षी पौर्णिमा कधी आहे ते मी कालनिर्णयमध्ये बघून ठेवायचो आणि ती काचेच्या पेटीतली मुलगी, आता नोकरीला लागलीय, संध्याकाळी फोन करून विचारायची, बाबा आलं का गाणं.

तुमच्या लेखकाबद्दल मनात राग नाही, त्यांची भाषा छान आहे. फक्त "बॅन्ड फोडला" हे दोन शब्द तेवढे मागे घ्या आणि पुढच्या रविवारी कुठल्यातरी कोपऱ्यात का होईना, तशी दुरुस्ती छापा.

कळावे,
आपला एक जुना वाचक