नावे छापता, वेळाही छापा

मा. संपादक,

सुट्ट्या लागल्या की आपल्या पुरवणीत ‘पुण्यात आलात तर इथे खा’ या थाटाची यादी हमखास येते. दहा नावे, दहा छायाचित्रे. नावे बहुतेक बरोबर असतात. पण ती यादी हातात धरून आलेला पाहुणा साडेबाराला मिसळीच्या रांगेत, दीडला थाळीच्या रांगेत आणि अडीचला बंद बेकरीच्या दारात उभा असतो, आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत ‘पुण्याचं नुसतं नाव मोठं’ म्हणून मोकळा होतो. या शहरात खिशात किती आहेत यापेक्षा घड्याळात किती वाजले आहेत ते आधी बघावे लागते. म्हणून यापुढे नाव-पत्त्याबरोबर वेळ, आठवड्याची सुट्टी, पैसे रोख की मोबाइलवर आणि माल साधारण केव्हा संपतो, एवढ्या चार गोष्टी छापाव्यात. तोवर बाहेरगावच्या वाचकांसाठी ही थोडी माहिती.

पहाटे उतरणाऱ्यांचे काम सर्वांत सोपे. नळ स्टॉपला उजाडण्याआधीच पोहे आणि चहा सुरू होतो. थोडे उशिरा, स्टेशनच्या बाजूला असाल तर व्होहुमन कॅफेचे चीज ऑम्लेट आणि बन मस्का आहे. डेक्कनला १९३५ सालचे कॅफे गुडलक आहे, तिथे बन मस्का आणि खिमा पाव. चौकालाही नाव त्याचेच पडले आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. अमृततुल्य म्हणजे जुन्या पद्धतीच्या चहाच्या दुकानात मात्र ‘साखर कमी’ सांगून फारसा उपयोग होत नाही. तिथला चहा पितळी पातेल्यात दूध, साखर, आले-वेलची सगळे एकत्र उकळून केलेला असतो. साखर कपात पडत नाही, पातेल्यातच पडलेली असते. बिनसाखरेचा हवा असेल तर वेगळा करून देणार का, हे आधी विचारावे आणि पाच मिनिटे थांबायची तयारी ठेवावी.

मिसळीबद्दल बाहेरच्यांचा समज असा, की पुण्याची मिसळ म्हणजे एकच काहीतरी. नारायण पेठेत बेडेकरांकडची मिसळ किंचित गोडसर आणि सोबत स्लाइस ब्रेड. टिळक रस्त्यावरचे रामनाथ आणि कर्वे रस्त्याजवळची काटाकिर्र यांचा कल तिखटाकडे. तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनला जायचे तर मेट्रोने मंडई स्थानकात उतरून चालत जावे, गाडी त्या भागात नेऊच नये. लाल तर्री बघून घाबरणाऱ्याने ‘तर्री वेगळी द्या’ म्हणावे. तिखटाचा बराचसा भाग त्या वरच्या तेलातच असतो. रस्सा एकदम ओतू नये. फरसाण आणि शेव दोन मिनिटांत मऊ पडतात आणि मग ती मिसळ राहत नाही, लापशी होते. दोन-दोन चमचे घ्यावा, संपला की पुन्हा मागावा. रश्शाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागत नाहीत. जादा पावाचे लागतात. आणि मिसळ सकाळी आठ ते साडेदहाच्या आत खावी. रस्सा दिवसभर मंद आचेवर राहतो, पाणी आटते, मीठ आणि मसाला दाट होत जातो. दुपारी एकची मिसळ खारट लागली तर दोष आचाऱ्याचा धरू नये. रविवारी नऊनंतर प्रसिद्ध ठिकाणी उभे राहायचे असेल तर हौस म्हणून राहावे, भूक म्हणून नको. हाच नियम फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीला. तिथली एसपीडीपी, म्हणजे शेव, बटाटा, दही, पुरी, ही मूळची संध्याकाळच्या खाण्याची चीज. ती मंगळवारी किंवा बुधवारी चारच्या सुमारास निवांत मिळते आणि चवीत काही कमी नसते.

आता ज्यांच्यासाठी यादीत कधीच जागा नसते, त्यांच्याबद्दल. परीक्षा, मुलाखत, दवाखाना, कोर्ट अशा कामांनी रोज हजारो लोक पुण्यात येतात आणि त्यांना पर्यटन करायचे नसते, पोट भरायचे असते. त्यांना सांगण्यासारख्या दोन जागा आहेत: पोळीभाजी केंद्र आणि मेस.

पोळीभाजी केंद्र पुण्याच्या प्रत्येक पेठेत, प्रत्येक कॉलनीत सापडते. पोळी नगावर, भाजी वजनावर. एका माणसाला तीन-चार पोळ्या आणि दीडशे ग्रॅम भाजी पुरते. रस्साभाजीच्या वजनात पाणीही मोजले जाते, म्हणून शंभर ग्रॅम सुकी आणि पन्नास ग्रॅम उसळ असा हिशेब ठेवावा. दुपारी साडेअकरा ते साडेबारा आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेसात ही जाण्याची वेळ. त्यानंतर भाजी उरते पण पोळ्या संपतात, कारण घरोघरच्या ऑर्डरी आधी नोंदवलेल्या असतात. सकाळीच जाऊन ‘चार पोळ्या ठेवा’ सांगून आलात तर ठेवतात. स्वतःचा डबा आणि चमचा न्यावा. पिशवीत बांधलेल्या गरम पोळ्या वाफेने चिकट होतात, त्या डब्यात किंवा कागदात घ्याव्यात. एक अडचण कोणी सांगत नाही: बहुतेक केंद्रांत बसायला जागा नसते, आणि महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. तेव्हा खायचे कुठे, हे घेण्याआधी ठरवावे. दवाखान्यात नातेवाइकाजवळ थांबलेल्यांना हा प्रश्न नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी याहून चांगली सोय नाही.

मेस सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत दाटीने आहेत, कारण स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी तिथे राहतात. मेस महिन्याच्या हिशेबाने चालते, पण पाहुण्याला एक वेळचे ताट बहुतेक ठिकाणी मिळते; ‘गेस्ट आहे’ एवढे म्हणावे, पैसे आधी द्यावेत. भात-आमटी आणि पोळ्या पोटभर, भाजी एकदा की दोनदा, ते फळ्यावर लिहिलेले असते. फळा वाचावा. पुण्यातला फळा सहसा अपमान करत नाही, फक्त एकदाच सांगतो. बाहेरच्या माणसाची खरी फजिती होते ती रविवारी: दुपारी गोडाधोडाचे किंवा चिकनचे फीस्ट असते, गर्दी असते, आणि रात्री बहुतेक मेस बंद. रविवारी रात्री मुक्कामाला येणाऱ्याने मेसच्या भरवशावर राहू नये. सोमवारी सकाळी परीक्षा असणारी मुले याच रात्री अडकतात.

हिशेब मांडायचा तर सध्याच्या दरांनी सकाळी पोहे-चहा चाळीस, दुपारी पोळीभाजी नव्वद-शंभर, चार वाजता वडापाव आणि चहा तीस-पस्तीस, रात्री अंडाभुर्जी-पाव ऐंशी. अडीचशे रुपयांच्या आसपास दिवस निघतो. त्याहूनही कमीत बसवायचे असेल तर राज्य सरकारची दहा रुपयांची शिवभोजन थाळी आहे, जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेली: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. प्रत्येक केंद्राला दिवसाच्या थाळ्या ठरवून दिलेल्या असतात, त्यामुळे केंद्र चालू असल्याची खात्री करून उघडल्याबरोबर पोहोचावे.

वडापावचे एवढेच, की वडा कढईतून निघताना दिसला तर घ्यावा. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सात कढई चालू असते. मधल्या वेळचा वडा परातीतला. ओल्या खोबऱ्याची चटणी एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत आंबते, तेव्हा कोरडी लसूण चटणी मागावी.

पोटभर थाळीसाठी पाहुणे मंडळी जातात ती दुर्वांकुर, सुकांता अशा ठिकाणी. माणशी तीनशेच्या पुढेच, सणाला आणि रविवारी दर वाढलेला. पैसे वसूल करायचे तर साडेअकराला, दार उघडताना जावे: पहिल्या पंगतीला पोळ्या तव्यावरच्या, वाढपी ताजे आणि मागे खुर्ची धरून उभे कोणी नाही. बसल्या बसल्या ढोकळा, भजी, कोशिंबिरी यांचा मारा होतो. त्यातले एक-एक घ्यावे, कारण पोट तिथेच भरते आणि आमटी-भाताला जागा राहत नाही. सुरुवातीला थोडा वरण-भात, तूप, लिंबू घेतला की पुढचे जेवण सरळ जाते. नको असेल तेव्हा तोंडाने सांगण्यापेक्षा ताटावर आडवा हात धरावा; वाढप्याचा हात तोंडापेक्षा वेगाने चालतो. ताट दोघांत वाटून खाता येत नाही, उरलेले बांधून मिळत नाही. मुलांचा अर्धा दर कितव्या वर्षापर्यंत, हे बसण्याआधी विचारावे. बिलाच्या वेळचे वाद बहुतेक यावरूनच होतात. ज्येष्ठांना एवढे जेवण झेपत नसेल, तर टिळक रस्त्यावरच्या बादशाहीसारखी जुनी बोर्डिंगे बरी. साधे जेवण आणि कमी पैसे, मात्र नाव देऊन बाहेर थांबण्याची तयारी हवी.

दुपारी एक ते चार हा पुण्याचा बदनाम काळ. विनोद जुने झाले, चितळ्यांनीसुद्धा २०१७ मध्ये दुपारची सुट्टी बंद केली. तरी लहान दुकाने आणि जुन्या बेकऱ्या अजून दार ओढून घेतात. कॅम्पातली कयानी बेकरी त्यातलीच. श्रूजबेरी बिस्किटे हवी असतील तर सकाळीच जावे, दुपारच्या सुट्टीनंतर मिळतीलच असे धरू नये. हे तीन तास थंड खाण्याला द्यावेत. मस्तानी म्हणजे घट्ट मिल्कशेकवर आइस्क्रीमचा गोळा. सुजाता किंवा कावरे, कुठेही घेतली तरी जेवणानंतर एक ग्लास दोघांना पुरतो. आंब्याची मस्तानी एप्रिल ते जूनमध्ये घ्यावी, एरवी तो डब्यातला रस असतो.

मांसाहारी मंडळींनी वार बघावा. बुधवार, शुक्रवार, रविवारी मटणाला उठाव असतो, म्हणजे माल त्याच दिवशीचा. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी आणि श्रावणात तोच रस्सा जास्त वेळ उकळलेला असू शकतो. मटण थाळीत रस्सा आणि भात पुन्हा मिळतो, फोडी मिळत नाहीत. त्या चार की पाच, हे विचारायला लाजू नये. कॅम्पात १८७८ सालच्या दोराबजीमध्ये पारशी पद्धतीची बिर्याणी मिळते. धानसाक, म्हणजे डाळीत शिजवलेले मटण, हे पारशी घरांत रविवारचे जेवण आहे, तेव्हा ते खायचे तर रविवारीच. रात्री साडेदहानंतर पेठा मिटतात. मग स्वारगेट, स्टेशन आणि भुर्जीच्या गाड्या. पावसाळ्यात गाडीवर जे समोर तापते तेच खावे, चिरून ठेवलेली फळे आणि पाणीपुरीचे पाणी सोडून द्यावे.

बिलाचे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. बिलावर ‘कंपोझिशन’ करदाता (म्हणजे उलाढालीवर सरसकट कर भरणारा) असे छापलेले असेल तर त्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. तरी खाली कर लावलेला दिसला तर तिथेच दाखवावा. सेवा शुल्क परस्पर बिलात घालू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. ते देणे-न देणे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. काढायला सांगितल्यावर काढले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक असायला हवा. तक्रारीत तो लिहिला की पुढचा शोध सोपा होतो. आणि बाटली न मागता टेबलावर ठेवली जाते, ती उघडण्याआधी साधे पाणी मागावे.

पाण्यावरून आठवले: दुरुस्तीसाठी अधूनमधून गुरुवारी शहराच्या अनेक भागांत पाणीपुरवठा बंद ठेवला जातो आणि शुक्रवारी सकाळी दाब कमी असतो. त्या दिवशी लहान हॉटेलांत कागदी बशा दिसल्या किंवा वाट्या ओल्या दिसल्या तर कारण ते आहे. ताट नीट धुतलेले दिसत नसेल तर कागदी बशी मागून घ्यावी.

गणेशोत्सवात वरचे सगळे वेळापत्रक कोलमडते. संध्याकाळनंतर पेठांतले रस्ते वाहनांना बंद, हॉटेले रात्रभर चालू, आणि कसबा व मंडई ही दोन मेट्रो स्थानके माणसांनी तुंबलेली. डेक्कनला उतरून आधी जेवून घ्यावे आणि मग देखावे बघायला पेठेत चालत शिरावे, उलटे करू नये. अनंत चतुर्दशीच्या अंकात तरी आपण पेठांतली यादी छापू नये. छापायचीच झाली तर कोथरूड आणि कॅम्पाची छापावी.

– एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे