मनू, भरतीचा फॉर्म भरण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, पोलीस भरतीचा फॉर्म भरू की बँकेची नोकरी धरू?" आणि मी गप्प बसलो. आई अजून मला बोलतेय, तीस वर्षं खाकी घातली आणि पोरीला एवढं सांगता येत नाही! म्हणून लिहायला बसलोय.

मैदानाची मला काळजी नाही. आठशे मीटर, शंभर मीटर आणि चार किलोचा गोळा मिळून ५० गुण. धावण्यात तू पक्की आहेस, गोळ्याला खांदा कमी पडतो तेवढा बघ. लेखीचे १०० गुणही तुला जड नाहीत.

तुझ्या टेबलासमोर तुकाराम ओंबळे यांचा फोटो आहे. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली. तो फोटो तिथे असावाच. पण तसा प्रसंग हजारात एखाद्याच्या वाट्याला येतो. बाकीच्यांच्या वाट्याला येतं ते ठाण्यातलं टेबल, आणि त्याबद्दल तुला कोणी सांगणार नाही.

२००९ चा पावसाळा होता. मी रात्रपाळीला ठाणे अंमलदार. दोनच्या सुमारास एक बाई आली. पदर निथळत होता, चप्पल एकाच पायात. कोपराजवळ बांगडीची काच रुतली होती आणि ती दुसऱ्या हाताने ती जागा झाकत होती. नवऱ्याने मारलं होतं, आणि ते पहिल्यांदा नव्हतं. मी सकाळपासून बंदोबस्तात उभा राहून आलो होतो. तिचं धड ऐकून न घेता अदखलपात्र म्हणून, म्हणजे पोलीस स्वतःहून तपासाला लागत नाहीत असा किरकोळ गुन्हा म्हणून, चार ओळी लिहिल्या, त्या नोंदीचा, एनसीचा, कागद हातात दिला आणि म्हणालो, "उद्या साहेब आले की या." तिने कागदाची नीट घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि पावसात निघून गेली. दवाखान्याचं पत्रसुद्धा दिलं नाही मी.

ती परत आली नाही. चार दिवसांनी त्या पत्त्यावर गेलो, तर खोलीला कुलूप. शेजारी म्हणाले, गेली कुठेतरी. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत "उद्या या" हे शब्द मी रात्री कुणालाही म्हटले नाहीत. पण तिला म्हटले होते, मनू.

आता १ जुलै २०२४ पासून नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू आहे. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद घ्यावी लागते, तिची प्रत फुकट द्यावी लागते. चांगलंच आहे. पण ते सगळं टेबलामागे बसलेल्या थकल्या माणसाच्या पेनातून उतरायचं असतं.

थकवा येणारच. महिला पोलिसांची ड्यूटी बारा तासांवरून आठ तासांवर आणायचा आदेश २०२२ ला निघाला, तरी गणपती आले, निवडणूक आली की घड्याळाकडे कोण बघतं? आपल्या घरच्या गौरी तू किती वेळा एकट्या आईबरोबर बसवल्यास, तुला माहीत आहे. उद्या तुझ्या घरच्या गौरी दुसरं कोणी बसवेल.

तरी माझं मन विचारशील तर तू जावंस असं वाटतं. गेल्या वर्षी एसटी स्टँडवर पाकीट मारलं गेलेल्या त्या आजोबांसाठी तू शेवटची गाडी सोडलीस. चौकीत त्यांच्या शेजारी बसून त्यांची तक्रार लिहून दिलीस आणि रात्री साडेअकराला घरी आलीस. आई रागावली होती. मी काही बोललो नाही, पण मला झोप लागली नाही त्या रात्री, आनंदाने.

बँकेला उत्तर द्यायची घाई करू नकोस. शनिवारी येशील तेव्हा मला एवढंच सांग, रात्री दोनला ती बाई तुझ्या टेबलासमोर आली तर तू काय करशील. क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं नको, तुझं सांग.

नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्याची मुदत संपत आलीय, तहसीलला मी सोमवारी जाऊन येतो. गोळा माळ्यावरून काढून ठेवलाय.

तुझा,
बाबा