पुण्याजवळच्या बोपदेव घाटात सायकलवरून उतरलेल्या काकांना

नमस्कार काका,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका. समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. आज चारचौघांत लिहितेय, आता ऐकून घ्यावं लागेल.

मी तयारी करतेय ती आयर्नमॅन ट्रायथलॉनची: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, त्यावर ४२.२ किलोमीटर धावणं, आणि हे सगळं १७ तासांच्या आत. पहिल्यांदाच एवढ्या लांब पल्ल्याला हात घालणाऱ्या बाईला आधी काय हवं असतं? पाया. पण ज्या कोचकडे मी भक्कम फी भरली, त्यांनी पहिल्या आठवड्यापासून नुसता दम काढला. रोज शर्यत, रोज घड्याळाशी मारामारी. नडगी दुखते म्हटलं तर म्हणाले, मन कच्चं आहे. शेवटी डॉक्टरांनी धावणं बंद करायला लावलं, तेव्हा तिकडून साधी विचारपूसही झाली नाही. पुढच्या हप्त्याची आठवण मात्र वेळेवर आली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. अमेरिकन प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचा हिशेब सांगितलात: १८०मधून वय वजा कर. माझं वय ४२, म्हणजे व्यायामात हृदयाचे ठोके मिनिटाला १३८च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. हे ढोबळ आहे, पण सुरुवातीला पुरतं, असंही म्हणालात. अंगात साखरेचा साठा काही तासांपुरताच असतो, चरबी मात्र भरपूर. ती जाळायची सवय स्नायूंना संथ व्यायामात चांगली लागते. आणि दम लवकर वाढतो, पण हाडं आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, सावकाश तयार होतात, म्हणून घाई नको. माझी नडगी का दुखत होती, हे मला कुणीतरी पहिल्यांदा समजावून सांगितलं.

पण मला खरं लिहायचंय ते बोपदेव घाटाबद्दल. कोंढव्याकडून चढताना सगळ्यात हलका गिअर टाकूनही माझे ठोके १५०वर गेले. तुमच्या सांगण्याप्रमाणे मी उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. बाजूने पोरं सपासप वर जात होती, एकाने मागे वळून पाहिलं. कान तापले माझे. तेवढ्यात मागे सायकलच्या बुटांखालच्या क्लीटचा, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचा, टकटक आवाज आला. तुम्हीही उतरला होतात. तो घाट तुम्ही गप्पा मारत चढता, हे मला ठाऊक आहे. तुम्ही शेजारी आलात आणि विचारलंत, "तुमच्याकडे पुरणात जायफळ घालतात की वेलची?" सविस्तर सांग म्हणालात. मी सांगत गेले, आणि वाक्य मध्येच तुटलं की तुम्ही पाऊल आणखी सावकाश टाकायचात. धीर दिला नाहीत, उपदेश केला नाहीत, लाज वाटू देऊ नकोस असंही म्हणाला नाहीत. नुसते सोबत चाललात, पार माथ्यापर्यंत.

काका, माझ्या मनातून सोडून द्यायचं चाललं होतं. त्या दिवशी ते थांबलं.

तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून पहाटे घराबाहेर पडायला बळ येतं. सासवड रस्त्यावर पंक्चर झालं की कुणीतरी अनोळखी थांबतो, आपली ट्यूब काढून देतो, नाव न सांगता निघून जातो. त्याला ना सर्टिफिकेट मिळतं, ना मेडल. माझ्या लेखी कोच म्हणवून घ्यायचा हक्क अशांचा आहे.

आता तोच घाट मी १३८च्या आत, सायकलवर बसून चढते. स्पर्धा अजून लांब आहे, तयारी तुमच्याच पद्धतीने चालू ठेवणार आहे. येत्या रविवारी ऑफिसातल्या एका मैत्रिणीला घेऊन येतेय. तिला चढाची फार धास्ती आहे. तिच्याबरोबर मी चालेन, तुम्ही पुढे जाऊन सासवडला थांबा. चहाचे पैसे मात्र या वेळी मी देणार.

तुमची,
कोथरूडची पोरगी