रविवारची भिगवण फेरी : कॅमेऱ्याची तयारी

सभासदहो, भिगवणच्या जलाशयात बोटीतून रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे फोटो काढायला येत्या रविवारी सकाळी ६ वाजता कुंभारगावच्या बोटींजवळ जमायचे आहे. नावे शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका.

- ट्रायपॉड नको. इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात जाते. लेन्स हातात धरा.
- ४०० मिमी लेन्स पुरते. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचे फोटो धूसर येतात. तिथे महागडी लेन्सही हरते.
- उडत्या रोहितांसाठी शटर १/२००० सेकंद, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवतो).
- गडद पाण्यावर पांढरी पिसे जळतात, म्हणजे अति उजळ होऊन त्यांचा तपशील जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -०.७ (फोटो जरा गडद) ठेवून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा.

थवा उडवायला नावाड्याला सांगायचे नाही. सांगणाऱ्याला पुढच्या फेरीत जागा नाही. लाइफ जॅकेट सक्तीचे.